बंबल, दीड वर्ष वापरून : पहिला मेसेज मुलीचा, पण विचारायचं कुणी?

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणार आहे. 'ॲप छान, चार स्टार' एवढंच लिहायचं असतं तर दीड वर्ष कशाला थांबले असते. वय ३३, मूळची मिरजेची, पुण्यात कोथरूडला दोघींबरोबर फ्लॅट शेअर करून राहते, बाणेरला अकाउंट्समध्ये नोकरी. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे डेटिंग ॲप म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कोणीतरी वेगळीच मुलगी येते आणि ती मी नाही, माझ्या मोबाईलमध्ये बंबलच्या शेजारी एसटीचं ॲप आणि कालनिर्णय आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. बंबल २०१४ साली व्हिटनी वुल्फ हर्ड नावाच्या बाईने अमेरिकेत सुरू केलं, ती आधी टिंडर या दुसऱ्या डेटिंग ॲपच्या फाउंडर्सपैकी होती, तिथून बाहेर पडली आणि हे काढलं. भारतात डिसेंबर २०१८ मध्ये आलं, प्रियांका चोप्राने त्यात पैसे पण घातले आणि जाहिरात पण केली. मेन गोष्ट एकच, मुलगा-मुलगी मॅच झाले (म्हणजे दोघांनी एकमेकांची प्रोफाइल पसंत केली) की पहिला मेसेज मुलीनेच टाकायचा, मुलाला टाकताच येत नाही, त्याच्याकडे ते बटणच नसतं. आपल्याकडे २४ तास, आपण मेसेज टाकला की त्याच्याकडे उत्तराला २४ तास, नाहीतर मॅच गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या शेअर बाजारात आली तेव्हा व्हिटनीबाई ३१ वर्षांच्या होत्या. मी ३१ वर्षांची असताना बायोडेटात उंची ५ फूट २ वरून ५ फूट ३ करत बसले होते. असो.

आता बायोडेटाचा विषय निघालाच आहे तर तिथूनच सुरू करते, कारण हे ॲप मी दुसऱ्या ॲपशी कम्पेअर करूच शकत नाही, मी कम्पेअर करते ते अण्णांच्या फाइलशी. अण्णा म्हणजे माझे वडील. तपकिरी रेक्झिनची फाइल, त्यात माझा साडीतला पोस्टकार्ड साइज फोटो, पत्रिकेच्या झेरॉक्स आणि मागे एक वही, त्यात स्थळांची नावं, फोन नंबर आणि समोर शेरा. शेरा बहुतेक ठिकाणी एकच, 'कळवतो म्हणाले'. मुलीच्या बापाला हा शब्द काय असतो हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच माहीत. कळवतो म्हणजे नाही, पण नाही म्हणायचं नाही, आणि आपण पुन्हा फोन करायचा नाही कारण मग 'फार मागे लागलेत' असं होतं, आणि फोन नाही केला तर 'इंटरेस्ट दिसत नाही' असं होतं. एका ठिकाणी अण्णा अडीच महिने थांबले होते, त्या मुलाचं तोपर्यंत लग्न झालं, आणि ते आम्हाला कळलं हॉलच्या बाहेर लागलेल्या पाटीवरून.

आणि गंमत बघा, आपल्याकडे आधी विचारतं कोण? मुलीकडचेच ना! जोडे झिजवायचे मुलीच्या बापाने, स्थळ घेऊन जायचं मुलीच्या मामाने, पत्रिका पाठवायची आपण, फोन आपण करायचा. म्हणजे मुलीकडून पुढाकार हे काही अमेरिकेतून आलेलं नाही, शंभर वर्षं आपण तेच करतोय. फक्त त्या सगळ्या पुढाकारात मुलगी सोडून बाकी सगळे असतात.

हे मला कळलं ते एका फोनवरून. आम्ही एका वधू-वर सूचक केंद्रात पैसे भरून नाव नोंदवलं होतं (नाव सांगत नाही), त्यांनी दिलेल्या यादीतला एक मुलगा मला बरा वाटला, अण्णा नेमके अंगणात ओल्या शेंगा सोलत बसले होते, हात मातीचे, म्हटलं मीच लावते फोन. पलीकडे मुलाची आई. मी सगळं नीट सांगितलं, नाव, गाव, शिक्षण. त्या म्हणाल्या, तुम्ही मुलीच्या कोण? म्हटलं मी मुलगीच बोलतेय. दोन-तीन सेकंद शांतता. मग एकदम हळू, सांत्वनाच्या आवाजात म्हणाल्या, "वडील नाहीत का?"

म्हटलं आहेत की, समोर शेंगा सोलतायत.

दुसऱ्या दिवशी केंद्रातून अण्णांना फोन, मुलीला फोन करू देऊ नका, स्थळं बिचकतात. अण्णांनी मला काही बोललं नाही, पण पुढच्या वेळेपासून हात धुऊन स्वतः फोन करायला लागले.

तर मी बंबल टाकलं ते या बॅकग्राउंडवर. टाकलं म्हणजे फ्लॅटमेटने टाकायला लावलं, ती नागपूरची, तिचं म्हणणं सरळ असतं. पहिल्या आठवड्यात माझ्या सहा मॅच झाल्या आणि सहाच्या सहा गेल्या, कारण मी चोवीस तास विचारच करत होते. यात ॲपचा काही दोष नाही, ते बिचारं घड्याळ दाखवत होतं. ती म्हणाली, "अबे टाक नं, तो काय खाऊन राहिला का तुला?" आणि मी टाकलं, काय टाकलं तर 'हाय'. आता मला कळलं की मुलं आयुष्यभर 'हाय' का टाकतात. त्यांना अक्कल नसते म्हणून नाही, 'हाय'ला कोणी नाही म्हटलं तर फारसं लागत नाही म्हणून.

हे २४ तासांचं काही जणींना टेन्शन वाटतं, मला मात्र ॲपमधली सगळ्यात चांगली गोष्ट हीच वाटली. कारण 'कळवतो' हा प्रकारच नाही. उत्तर आलं तर आलं, नाही आलं तर दुसऱ्या दिवशी ते तोंड यादीतूनच गायब, वहीत शेरा नाही, अडीच महिने नाहीत. अण्णांच्या फाइलला असं घड्याळ असतं तर त्यांचं बीपी जरा कमी राहिलं असतं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी चांगली गोष्ट, नाव. भारतात मुलींना नावाचं फक्त पहिलं अक्षर दाखवायची सोय दिलीय. बायोडेटावर माझं नाव, वडिलांचं नाव, मामाचं आडनाव-गाव, राहत्या घराचा पत्ता, पगार, जन्मवेळ सगळं छापून ते अनोळखी चाळीस घरांत फिरत होतं आणि ते सुरक्षित, आणि इथे एक अक्षर दिसतं आणि ते म्हणे धोकादायक. फोटो व्हेरिफिकेशन आहे, सांगतील तशी पोझ करून सेल्फी काढायचा, मग निळी टिकली मिळते. कोणी घाणेरडा फोटो पाठवला तर तो आपोआप धूसर होऊन येतो, बघायचा की नाही आपण ठरवायचं. आणि राशी विचारतात बरं का! पण इंग्रजी राशी, मंगळाचं कोणी विचारत नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग ती राशी काय कामाची?

आता मुलांच्या प्रोफाइलबद्दल, यावर वेगळा लेख होईल पण थोडक्यात : लेहला बुलेटवर, कोणाच्यातरी लग्नात शेरवानीत (शेजारच्या बाईचा चेहरा कापलेला), जिममध्ये आरशासमोर. लिहिलेलं काय तर 'सारकॅझम इज माय फर्स्ट लँग्वेज', 'उंची ६ फूट, कारण तुम्हाला तेच लागतं', आणि 'विचारा काय विचारायचं ते'. अरे बाबा, तू एक ओळ लिहिली नाहीस आणि मी प्रश्नपत्रिका काढू? इथेच या आयडियाचा खरा प्रॉब्लेम आहे. पहिला मेसेज मुलीने टाकायचा म्हटल्यावर काही मुलांना असं वाटतं की चला, आपलं काम संपलं, आता आपण नवरदेवासारखं पाटावर बसून राहायचं. मी विचारते, तो उत्तर देतो. मी पुन्हा विचारते, तो पुन्हा उत्तर देतो. दहाव्या प्रश्नाला मला वाटायला लागतं की मी एचआरमध्ये आहे.

बहुतेक जगभर सगळ्याच बायकांचं हेच झालं असणार, कारण २०२४ मध्ये, बरोब्बर दहा वर्षांनी, कंपनीने स्वतःच 'ओपनिंग मूव्ह' नावाची सोय काढली. म्हणजे आपण एक प्रश्न आधीच लावून ठेवायचा आणि मॅच झालेल्या प्रत्येक मुलाने त्याचं उत्तर देऊन सुरुवात करायची. म्हणजे फिरून फिरून बोलायला सुरुवात पुन्हा मुलानेच. मला हे पटलं पण आणि नाही पण. दमलेल्या दिवशी बरं वाटतं, पण ते दारावर पाटी लावल्यासारखं आहे, मी बोलावलं असं त्याला म्हणता येत नाही. मी आठ दिवस लावलं होतं, प्रश्न होता 'पोहे की उपमा', त्याला बावीस जणांनी 'पोहे' एवढंच उत्तर दिलं.

मग मेसेज कसा टाकायचा हे मी कुठून शिकले तर तुम्हाला खोटं वाटेल. लग्न जमत नाही म्हणून मावशीने मला रुक्मिणी स्वयंवराची पोथी दिली होती, एकनाथांची, १८ प्रसंगांची, लग्न जमावं म्हणून मुलींनी वाचायची ही आपल्याकडे जुनी पद्धत आहे. मी श्रावणात वाचायला घेतली, आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की अगं, ही तर स्वतः पत्र लिहितेय! भावाने शिशुपालाशी ठरवलंय, हिला कृष्ण हवाय, ही घरात कोणाला न विचारता एका ब्राह्मणाच्या हाती थेट द्वारकेला पत्र पाठवते. मूळ भागवतात ते पत्र सात श्लोकांचं आहे आणि मेसेज म्हणून एक नंबर आहे. तुझ्याबद्दल काय ऐकलं ते सांगते, मला तू हवा आहेस हे स्पष्ट सांगते, आणि मग प्लॅन देते : लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्यात कुलदेवीच्या दर्शनाला गावाबाहेर जायची पद्धत आहे, तिथे ये. जागा, दिवस, निमित्त, सगळं. आणि ही कुठली, तर विदर्भातली, अमरावतीकडच्या कौंडण्यपूरची! नागपूरची फ्लॅटमेट हे ऐकून दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होती. माझा प्रश्न एवढाच आहे की ज्या मावशीने मला ही पोथी दिली तिनेच 'मुलीच्या जातीने आपण होऊन विचारू नये' हे पण सांगितलंय, तिने ती पोथी नक्की वाचलीय का.

तर रुक्मिणी पद्धत : एक खरी गोष्ट, मग थेट विचारणं, मग जागा आणि वेळ. पहिल्यांदा वापरली ती चाकणला नोकरी करणाऱ्या एका मुलावर. त्याचा सिंहगडावरचा फोटो होता, हातात मडक्यातलं दही. मी टाकलं, "साखर घालून की मीठ घालून?" तो, "मीठ. साखरवाल्यांशी मी बोलत नाही." मी, "मी साखरवाली." असं चार दिवस चाललं, चांगलं चाललं, पण तो काही भेटायचं नाव काढेना, मी पण काढेना, आणि पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पहिला मेसेज मी टाकला म्हणजे मी विचारलं असं मी समजत होते, पण विचारलं तर कोणीच नाहीये. ॲपने मुलीला पहिलं वाक्य बोलायला लावलं, 'भेटायचं का' हे अजून दोघांच्या मध्ये तसंच पडलेलं आहे, आणि त्याला ना घड्याळ ना बटण.

मी टाइप केलं, "शनिवारी सकाळी ८ ला डेक्कनला गुडलकमध्ये चहा-बनमस्का?" सेंड केलं आणि फोन फ्रिजवर उलटा ठेवून कणीक मळायला घेतली. इतकी मळली की पोळ्या दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ होत्या. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं, "८ ला उठतो मी. ९?"

भेटलो. गुडलकला शनिवारी सकाळी टेबल मिळणं म्हणजे आधी उभं राहणं आलंच, त्यामुळे पहिली वीस मिनिटं फुटपाथवर गेली आणि खरं तर तीच सगळ्यात छान गेली. बिल मी दिलं, बोलावलं मी होतं, आपल्यात ज्याने बोलावलं त्याने चहा पाजायचा असतो, त्यात बाई-बुवा काही नाही. त्याने एकदा पाकीट काढलं, मी नको म्हटलं, त्याने परत ठेवलं, नाटक केलं नाही, आवडलं मला. दोनदा भेटलो. मग त्याने मेसेज केला की छान वाटलं पण पुढे जाईल असं वाटत नाही. आणि खाली एक ओळ, की मला आजपर्यंत कोणी मुलीने असं विचारलं नव्हतं, घरी जाऊन पण दिवसभर बरं वाटत होतं.

नकार लागला का? लागला ना! आठवडाभर चांगलाच लागला. आणि तेव्हा कॉलेजमध्ये मी आणि माझ्या मैत्रिणींनी ज्या मुलांना हसून घालवलं होतं, त्यातले दोन-तीन चेहरे आठवले. एकाने तर चिठ्ठी लिहिली होती आणि आम्ही ती कँटीनमध्ये मोठ्याने वाचली होती. आता त्याला सॉरी म्हणायला त्याचं नाव पण आठवत नाही.

सगळे असेच भेटतात असं नाही. एकाला विचारलं तर म्हणाला, "एवढं डायरेक्ट?" आणि नंतर बोलण्यातून असं जाणवत राहिलं की मी एक पायरी खाली उतरलेय. एकाला मी कॉफीला विचारलं तर त्याने सरळ स्वतःच्या फ्लॅटचं लोकेशन पाठवलं. मी नको म्हटलं तर म्हणे, तूच तर विचारलंस. हे नीट वाचा मुलींनो, 'तूच तर विचारलंस' हे वाक्य आलं की तिथेच ब्लॉक. मी चहाला विचारलं म्हणजे चहालाच विचारलं. मी काय करते : जागा मी ठरवते, वेळ दिवसाची, फ्लॅटमेटला लाइव्ह लोकेशन, आणि जाताना-येताना माझी स्वतःची गाडी. आणि आपल्याकडे अशा मुलीला शब्द पण तयार असतात, आगाऊ, पुढारलेली, आणि ज्यांना अगदीच घाण बोलायचंय ते 'चालू'. मुलाने विचारलं की त्याला 'डॅशिंग' म्हणतात.

मिरजेला सुट्टीत जाते तेव्हा मी ॲप स्नूझवर टाकते, म्हणजे माझी प्रोफाइल तेवढ्यापुरती कोणाला दिसत नाही. तिथे अंतर वाढवत वाढवत कोल्हापूरपर्यंत न्यायला लागतं आणि एकदा चुलतभावाचा मित्रच समोर आला, आम्ही दोघांनी एकमेकांना बघितलं असणार, आता हळदी-कुंकवाला त्याची आई माझ्याकडे बघते तेव्हा मला उगीच घाम फुटतो. म्हणजे पुण्या-मुंबईत असाल तर जरूर वापरा, लहान गावात जपून. पैसे भरून मी काहीच घेतलं नाही, फ्रीमध्येच माझं भागलं.

रेटिंग : साडेतीन स्टार. एक स्टार घड्याळाला, एक नावाच्या अक्षराला, एक पहिल्या 'हाय'ची भीती मोडली म्हणून, अर्धा त्या दह्याला. दीड कापला कारण विचारणं आणि पहिला मेसेज टाकणं यात किती फरक आहे ते माझं मला कळायला सहा महिने लागले, आणि कारण पाटावर बसलेल्यांना उठवायची काही सोय त्यात नाही.

आणि एक राहिलंच. आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये एक जण आहे, दोन वर्षं ओळख, तो कुठल्याच ॲपवर नाही. मागच्या रविवारी राजगडावरून उतरून गुंजवण्यात पिठलं-भाकरी खात होतो, बाकीचे गाडीत बॅगा भरत होते, मी ठेच्याची वाटी त्याच्याकडे सरकवली आणि विचारून टाकलं, रुक्मिणी पद्धतीने, जागा आणि वेळेसकट. दीड वर्षापूर्वीची मी असते तर वाटी पण सरकवली नसती. त्याने भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला, कानापर्यंत लाल झाला, आणि म्हणाला, "विचार करून सांगतो."

२४ तासांची सवय लागलेल्या बाईला विचार करून सांगतो! आज सहावा दिवस. अण्णांना फोनवर सांगितलं, म्हणजे सगळं नाही, एका मैत्रिणीचं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "कळवतो म्हणाला नाही ना? मग बघ की थांबून." उत्तर आलं की इथेच खाली एडिट टाकते.